शिडीचा करार

आमची ताई माणूस कामावर ठेवते तेव्हा त्याला काहीही विचारत नाही. आधी कुठे होतात, किती वर्षं काम केलंत, कुणाची चिठ्ठी आणली आहे का, काही नाही. एक शिवलेलं कव्हर त्याच्या हातात देते, समोर स्टूल ओढून बसते आणि चहा प्यायला लागते. त्या कव्हरात कुठेतरी एक टाका तिने मुद्दाम सोडलेला असतो. ज्याच्या बोटांना तो सापडतो तो दुसऱ्या दिवसापासून कामावर. ज्याला सापडत नाही त्यालाही चहा मिळतो, पण तो तेवढाच.

शिवणाऱ्या माणसांपुरतं हे ठीक होतं. पण ताईने याच पद्धतीने वकील ठेवायला घेतला, आणि त्या पाच दिवसांत माझी जी काही वरात निघाली ती मी अजून कुणाला धड सांगितलेली नाही. हसू आवरत नाही म्हणून राहून जातं.

मी तिची धाकटी बहीण. कारखान्यात फोन उचलणं, पत्रं टाइप करणं, आणि ताईच्या डोक्यात काही आलं की ते खरंच घडण्याआधी आडवं येणं, ही माझी तीन कामं. तिसरं मला आजवर एकदाही जमलेलं नाही.

कारखाना म्हणजे एका छापखान्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या आणि चौदा मशिनं. खाली छपाई सुरू झाली की वर आमच्या कातऱ्या टेबलावरून आपोआप चालायला लागतात. आम्ही कव्हरं शिवतो. फ्रिजची, मिक्सरची, गिटारची, सायकलच्या सीटची, जे उघडं दिसेल त्याची. एका गृहस्थांनी पोपटाच्या पिंजऱ्याचं कव्हर मागितलं होतं, आतून जाड अस्तर लावून, कारण पोपट पाहुण्यांना शिव्या द्यायचा. ताईने दुहेरी अस्तर लावलं. गृहस्थ आठवड्याने परत आले, म्हणाले, आता शिव्या ऐकू येत नाहीत, पण तो देतोय हे कळतं. ताईने तिसरं अस्तर फुकट लावून दिलं. घरी तर बोलायची सोय नाही. पंख्याला कव्हर, रेडिओला कव्हर, कव्हरं ठेवायच्या पेटीला कव्हर. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान आणि आमचे कटिंग मास्तर, घरात फार वेळ एका जागी उभे राहत नाहीत. का विचारलं तर म्हणतात, "माप घेईल ती."

आतल्या खोलीच्या भिंतीवर ओळीने खिळे आहेत. प्रत्येक खिळ्यावर एक खाका. खाका म्हणजे जाड तपकिरी कागदाचा कापलेला आकार. तो कापडावर ठेवायचा, खडूने रेघ मारायची आणि कापायचं. दोनशे बारा खाके आहेत आणि एकूण एक ताईने स्वतः काढलेले. वस्तू बघून, हात फिरवून, जमिनीवर पालथी पडून, एकदा तर दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात ओट्यावर चढून. ती भिंत म्हणजे ताईची सगळी अक्कल, बाहेर टांगलेली.

फक्त पहिल्या ओळीतला पहिला खिळा रिकामा आहे. तिथे बाबागाडीच्या टपाचा खाका होता, तिचा सगळ्यात पहिला. अकरा वर्षांपूर्वी बाबागाड्या विकणारा एक माणूस कागद घेऊन आला, इथे सही करा म्हणाला. ताई पाचवीनंतर शाळेत गेली नाही. तिला वाचता येतं, पण ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, सावकाश. त्या चकाचक माणसासमोर तिला तसं वाचायची लाज वाटली. तिने कागदावर नजर फिरवल्यासारखं केलं, मान डोलावली आणि सही ठोकली. दोन महिन्यांनी नोटीस आली की तो खाका आता त्या माणसाचा आणि तसला टप ताईने पुन्हा शिवायचा नाही. ताईने खाका देऊन टाकला. खिळा मात्र उपटू दिला नाही.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, पुढे लागणार आहे. आमच्याकडे टाचणी आणि स्टेपलर यांना दाराच्या आत बंदी आहे. एकदा कव्हरात राहिलेल्या टाचणीने एका मास्तरीणबाईंच्या पियानोवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओरखडा काढला, तेव्हापासून. मग कागद जोडायचे कसे? शिवायचे. कोपऱ्यातल्या जुन्या मशिनवर, तपकिरी दोरा, लांब टाका, डाव्या काठाने खालीपर्यंत एक शिलाई. बिलं शिवलेली, भाऊजींचे रक्ताचे रिपोर्ट शिवलेले, माझं लग्न जमत होतं तेव्हा मुलाची माहिती आली होती तीसुद्धा शिवलेली. ते लग्न मोडलं, शिलाई अजून शाबूत आहे.

तर त्या सोमवारी टाय लावलेले एक साहेब आले, आमच्यासाठी ते टायवाले. घरगुती यंत्रं बनवणाऱ्या एका बड्या कंपनीचे. त्यांच्या कुणा वरिष्ठांच्या बायकोने आमचं वॉशिंग मशीनचं कव्हर घेतलं होतं. ताईच्या कव्हराची खुबी अशी की ते एका हाताने चढतं. तीन बाजूंना इलॅस्टिक, चौथीला नाही, आणि कोपऱ्यात एक चुणी. कंपनीला आता प्रत्येक यंत्राच्या खोक्यात ताईचं कव्हर घालायचं होतं. प्रत्येक! वर्षभर! टायवाल्यांनी आकडा सांगितला तेव्हा खालचं छपाईचं यंत्र नेमकं बंद पडलं आणि त्या शांततेत आमच्या एका कारागिराला उचकी लागली.

"बत्तीस पानी करार आहे," टायवाले म्हणाले. "नेहमीचाच मसुदा. शुक्रवारी चार वाजता येतो, सही करून ठेवा."

ते गेल्यावर जो काही धिंगाणा झाला! ताईने मला धरून गरकन फिरवलं, मी इलॅस्टिकच्या रिळाला अडखळले, रीळ जिन्यावरून सुटलं आणि उड्या मारत थेट छापखान्यात. आणखी दहा मशिनं कुठे बसवायची यावर भांडण सुरू झालं. कुणी म्हणालं गच्चीवर, कुणी म्हणालं छापखानाच विकत घेऊ. ताईने करार उचलला, जुन्या मशिनवर नेला आणि टर्र्र करून शिवला. मग पहिलं पान उघडलं, बोट ठेवलं, आणि सगळे बघताहेत हे लक्षात येताच बोट उचललं.

"नेहमीचंच आहे," ती म्हणाली.

भाऊजी महिन्यात एखादं वाक्य बोलतात. त्या महिन्यातलं त्यांनी तेव्हा वापरलं. रिकाम्या खिळ्याकडे बघत ते म्हणाले, "वकील लावू."

ताईनेही तिकडे पाहिलं. मग तिचे डोळे असे चमकले की मी दोन पावलं मागे सरकले.

"लावू की," ती म्हणाली. "पण बघून, पारखून. धाकटे, टाइप करायला बस. एक करार कर. खोटा. आणि त्यात एक टाका सोड."

"ताई, वकील म्हणजे शिंपी नव्हे."

"तो कागदच शिवतो ना? मग?"

मी बसले. करार कशाचा, तर ताईच्या डोक्यात का कोण जाणे, शिडी आली. 'मी माझी शिडी शेजाऱ्यांना वापरायला देत आहे. शिडी सात पायऱ्यांची व लाकडी आहे. शेजारी ती एकतीस जूनला सुस्थितीत परत करतील.' जूनमध्ये एकतीस तारीख नसते, हा आमचा सोडलेला टाका. ताई स्वतःवर इतकी खूश झाली की तिने तो कागद दोनदा मोठ्याने वाचायला लावला.

"आपल्याकडे शिडी आहे का?" मी विचारलं.

"नाही."

"आणि शेजारी?"

"ते बघू मागाहून."

मंगळवारी आम्ही निघालो. ताईने ठेवणीतले कपडे घातले होते, खांद्याच्या पिशवीत खरा करार, आणि थर्मासमध्ये चहा, कारण परीक्षा घेताना चहा हवाच. पहिल्या वकिलांचं ऑफिस म्हणजे नुसती काच. दाराला काच, टेबलाला काच, भिंतीत माशांची पेटी. ताईने बसल्याबसल्या पेटीचं माप डोळ्यांनी घेतलं. वकीलसाहेब फोनवर होते. फोन न सोडताच त्यांनी हात पुढे केला, कागद घेतला, वरून खाली एकदा पाहिला आणि अंगठा वर केला. ताईचा चहा कपात ओतूनसुद्धा झाला नव्हता.

"उत्तम आहे, सही करा," फोनवर हात ठेवून ते म्हणाले. "मोठा व्यवसाय दिसतो?"

"हो," ताई गंभीरपणे म्हणाली. "शिडीचा."

मला हसण्याची अशी उबळ आली की मी खोकल्याचं सोंग केलं, त्यांच्या माणसाने धावत पाणी आणलं, पाण्याचा ठसका लागला आणि आता खरंच खोकला सुरू झाला. ताई मला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. जिन्यात आम्ही दोघी भिंतीला टेकून हसलो, दोन प्रौढ बायका, एकीच्या हातात थर्मासचं झाकण.

दुसरे वकील अगदी उलट. एवढ्याशा कागदाने काय होतंय, असं म्हणून ते तो घेऊन आत गेले आणि तासाभराने अकरा पानं घेऊन बाहेर आले. शिडीची आता 'सदर शिडी' झाली होती. आग लागली तर शिडीचं काय, पूर आला तर काय, युद्ध पेटलं तर काय, सगळं त्यात होतं. आणि एकतीस जून चार ठिकाणी होता, ठळक अक्षरात, खाली रेघ मारून. ताई खरं म्हणजे जरा भारावली होती. रस्त्यावर येऊन म्हणाली, "युद्धाचं मला सुचलंच नव्हतं गं."

बुधवारी सकाळी आमची हवा जरा उतरली. शुक्रवार जवळ येत होता, आणि ताई आता आतल्या खोलीत जाऊन जाऊन भिंतीकडे बघत होती. इलॅस्टिकचं रीळ परत द्यायला छापखान्याचे मालक वर आले. त्यांना मी वकिलांबद्दल विचारलं.

"घड्याळवाल्याच्या मागच्या खोलीत एक बाई बसतात," ते म्हणाले. "पण नका जाऊ. फार वेळ लावतात. एक कागद द्या, तास गेलाच."

ताई कापड ठेवून उठली. "वेळ लावतात?"

"अहो, तक्रार करतोय मी!"

"कळलं," ताई म्हणाली आणि चपला घातल्यासुद्धा.

घड्याळवाल्याच्या दुकानातून वाट काढत मागे जावं लागतं. भिंतभर घड्याळं आणि एकाचंही दुसऱ्याशी जमत नाही. मागच्या खोलीत एक टेबल, फायलींचे ढीग, हात मोडलेली खुर्ची आणि त्या खुर्चीत पन्नाशीच्या वकीलबाई, सर्दीने नाक लाल झालेल्या. त्यांनी आमच्याकडे बघून मान हलवली, कागद घेतला, चष्मा पुसला. मग ड्रॉवरमधून स्टीलची पट्टी काढून पहिल्या ओळीखाली ठेवली आणि वाचायला लागल्या.

ओठ हलवत. शब्दाखाली बोट धरून.

ताईचा कप तोंडाशी जाता जाता मध्येच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, परत बाईंकडे पाहिलं. एवढी शिकलेली बाई, भिंतीवर पदवीची चौकट, आणि वाचते ती आपल्यासारखी! मी ताईला आयुष्यभर ओळखते, पण असा चेहरा मी तिचा पाहिला नव्हता. तिचा चहा थंड झाला आणि तिने तो तसाच हातात धरून ठेवला. पुढच्या दुकानात एका घड्याळाने अकरा ठोके दिले, जरा वेळाने दुसऱ्याने चार.

"जूनमध्ये एकतीस तारीख येत नाही," वकीलबाई म्हणाल्या.

ताईचं तोंड कानापर्यंत पसरलं. मी उठलेच, झालं आपलं काम म्हणून.

"थांबा. माझं झालेलं नाही." त्या शिंकल्या, पट्टी वर सरकवली. "शिडी कुणाची?"

"माझी," ताई म्हणाली.

"हे तुम्ही म्हणता. कागदात नुसतं 'मी' आहे. मी म्हणजे कोण? वर नाव नाही, खाली सही नाही. उद्या हा कागद ज्याच्या हातात पडेल तो म्हणेल मी म्हणजे मी. शिडी त्याची झाली."

ताईचं हसू तोंडावरच थांबलं. "हा टाका मी सोडला नव्हता," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे पहिला सोडला होता?" वकीलबाईंनी चष्म्यावरून पाहिलं, आणि मग त्या जे हसायला लागल्या! शिंका आणि हसू एकदम. पुढून घड्याळवाला डोकावून गेला. "परीक्षा घेताय माझी? अहो, तीस वर्षांत कुणी घेतली नाही! आता खरा कागद काढा. शिडीसाठी कुणी थर्मास घेऊन येत नाही."

ताईने शिवलेला करार टेबलावर ठेवला. बाईंनी शिलाईवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "वा. याचं पान कुणी बदलू शकणार नाही." ताई एवढी लाजली की कपातला थंड चहा एका घोटात पिऊन बसली.

बत्तीस पानं वाचायला दुपार गेली. मी दोनदा पेंगले. ताई मात्र खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसली होती आणि तिचंही बोट ओळीखालून चाललं होतं, बाईंच्या पट्टीच्या मागोमाग. एकोणिसाव्या पानावर पट्टी थांबली.

"'पुरवठ्याशी संबंधित सर्व साहित्य, मापे, आराखडे व खाके धरून, कंपनीच्या मालकीचे राहील.' हे खाके म्हणजे तुमचे किती?"

"दोनशे बारा," ताई म्हणाली. "भिंतभर."

"सही केलीत तर भिंत त्यांची. खिळे तेवढे तुमचे."

ताईचं बोट त्या ओळीवरच राहिलं. मीच बोलले, तावातावाने, नको ते बोलले, त्यातलं काही पोपटालाही शोभलं असतं. वकीलबाई म्हणाल्या, "ओरडता कशाला, बदलून घेऊ की." इतक्या साधेपणाने म्हणाल्या, जणू दोन सेंटीमीटर ढिलं आहे, आत घेऊ.

गुरुवारी त्यांनी कंपनीला फोन लावला. दीड तास. प्रत्येक ओळ त्या फोनवर वाचून दाखवायच्या, सावकाश, मध्ये शिंकायच्या, आणि कुठपर्यंत आलो होतो विसरून परत पहिल्यापासून सुरू करायच्या. विसरत वगैरे नव्हत्या, हे मला नंतर कळलं. पलीकडच्या माणसाने शेवटी हात टेकले. एकोणिसाव्या पानावर आता साफ लिहिलं होतं की खाके ताईचे होते, आहेत आणि राहतील, आणि ताई म्हणजे कोण हेही लिहिलं होतं, पत्त्यासकट. नवा करार छापला, ताईने तो आमच्या मशिनवर शिवला, लांब टाका, तपकिरी दोरा, आणि आधी त्यांच्या सह्या होऊ देत म्हणून कंपनीकडे पाठवला. त्या दिवशी कारखान्यात काम कमी आणि गाणी जास्त झाली.

शुक्रवारी चार म्हणता पावणेचारलाच टायवाले हजर. आम्ही मोठं कटिंगचं टेबल मोकळं केलं होतं, वकीलबाई नाकाला रुमाल लावून बसल्या होत्या, भाऊजींनी भांग पाडला होता. टायवाल्यांनी पिशवीतून करार काढला. वर चिमटा लावलेला.

"शिलाई कुठे गेली?" ताईने विचारलं.

"हां, ती होय! आमच्या फायलीत बसेना. उसवली. पानं तीच आहेत, प्रत्येक पानावर आमची सही आहे. तुम्ही करा म्हणजे मी मोकळा."

वकीलबाईंनी चिमटा काढला, पहिलं पान घेतलं आणि पट्टी ठेवली.

"परत वाचणार?" टायवाल्यांनी घड्याळ पाहिलं. "बाई, कालचंच आहे हो. आमचे वरचे साहेब वाट बघताहेत माझी. पाच वाजता पुरवठादारांची यादी बंद होते, मग मला काही करता येणार नाही."

सगळे ताईकडे बघायला लागले. दहा मशिनं, गच्ची, खोक्याखोक्यांत जाणारी कव्हरं, सगळं त्या एका तासावर येऊन ठेपलं होतं. वकीलबाई तिसऱ्या पानावर होत्या. ताईच्या कपाळावर घाम दिसत होता. उरलेला गठ्ठा तिच्यापुढे होता, आणि तिला काही सुचत नसलं की तिची बोटं जे करतात तेच ती करत होती. शिवण तपासतात तसा ती पानांच्या डाव्या काठावरून अंगठा फिरवत होती. एकेका पानाला तपकिरी दोऱ्याच्या सुईची बारीक भोकं, ओळीने. भोकं, भोकं, भोकं.

अंगठा थांबला.

"टाका सुटलाय," ताई म्हणाली.

आमच्या कारखान्यात हे वाक्य ऐकलं की चौदाही मशिनं थांबतात. थांबली. ताईने गठ्ठ्यातून एक पान ओढून काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. त्याच्या काठाला एकही भोक नव्हतं. गुळगुळीत, कोरा काठ. पान एकोणीस.

वकीलबाईंनी पट्टी ठेवली, ओठ हलले. "'...खाके धरून, कंपनीच्या मालकीचे राहील,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "हा तर जुनाच मजकूर. पान नव्याने घुसवलंय."

टायवाल्यांचा रंग उडाला. "टायपिंगची चूक असेल. कुणीतरी चुकून... मला खरंच माहीत नव्हतं." त्यांना माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. पण घाम त्यांना आता ताईपेक्षा जास्त फुटला होता.

"असेल चूक," ताई म्हणाली. ती आनंदाने फुटायच्या बेतात होती. "माझ्याकडे कामाला आला असतात तुम्ही, तर नुसता चहा पाजला असता. बसा, लावा फोन."

त्यांनी फोन लावला. पलीकडून बराच वेळ कुणीतरी काहीबाही बोललं, मग वकीलबाईंनी फोन मागितला आणि म्हणाल्या, "एकोणिसावं पान मी वाचून दाखवते हं, पहिल्यापासून." पलीकडचा माणूस दोन शब्दांत कबूल झाला. पाचची यादीही मग साडेपाचला बंद झाली तरी चालणार होती. खरं पान खालच्या छापखान्यात छापून आणलं, मालक स्वतः घेऊन वर आले, धापा टाकत, कारण त्यांना काय चाललंय ते बघायचं होतं. टायवाल्यांनी परवानगी घेऊन त्यावर सही केली. मग ताईने सही केली, बत्तीस पानांवर, आणि प्रत्येक पान आधी वाचून. साडेपाच केव्हाच होऊन गेले, पण यादीचं नाव कुणी काढलं नाही. टायवाले हूं की चूं न करता बसून राहिले, आणि एका पानाला तर त्यांनीच बोट धरून तिला ओळ दाखवली.

त्यानंतर करार पुन्हा शिवला. या वेळी बारीक टाका आणि दुहेरी शिलाई, उसवायला गेलात तर कागद फाटेल अशी. मशिनची शेवटची टर्र्र संपली आणि आम्ही सगळे असे ओरडलो की खालून कुणीतरी वर धावत आलं. वकीलबाईंना टाळ्या मिळाल्या, शिंकही आली. भाऊजींनी पुढच्या महिन्याचं वाक्य आधीच वापरून टाकलं. ते ताईला म्हणाले, "शाबास गं." मला तेव्हा रडूच आलं, आणि मी ते खोकल्याखाली अजिबात लपवलं नाही.

ते बिनभोकाचं एकोणिसावं पान टेबलावर पडलं होतं. टायवाले ते उचलून पिशवीत घालायला गेले तर ताईने त्यावर हात ठेवला.

"हे राहू दे."

ती ते घेऊन आतल्या खोलीत गेली, मागोमाग आम्ही सगळे. पहिल्या ओळीतल्या पहिल्या खिळ्यापाशी ती उभी राहिली आणि तिने ते पान खिळ्यावर टेकवून तळहाताने दाबलं.

"पडलं एकदाचं भोक," ताई म्हणाली आणि इतकी हसली की तिला भिंतीला धरावं लागलं.

वकीलबाईंच्या मोडक्या खुर्चीला आता कव्हर आहे, छत्रीला आहे, पट्टीलासुद्धा आहे. गच्चीवर दहा मशिनं चालतात. नवा माणूस कामाला आला की ताई त्याच्या हातात कव्हर देण्याआधी त्याला त्या खिळ्यापाशी नेते आणि पान वाचायला सांगते. घाई नाही म्हणते. आणि तो वाचत असताना स्वतःही वाचते, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, सगळ्यांच्या देखत.